माझ्या झडपेची खरी नोंद

माझ्या हृदयावर झालेल्या शस्त्रक्रियेची हकीकत आमच्या भागात तीन जण सांगतात, आणि तिघांपैकी एकाच्याही छातीवर टाक्यांची खूण नाही. ती माझ्या छातीवर आहे. गळ्याच्या खळगीखालून निघून पोटाच्या सुरुवातीपर्यंत सरळ आलेली. तरीही लग्नकार्यात, दशक्रियेत किंवा दौंडच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना हा विषय निघतो तेव्हा मला कोणी विचारत नाही. मी समोर असलोच तर पुरावा म्हणून माझ्याकडे बोट दाखवले जाते आणि सांगणारा पुढे सरकतो.

या तिघांत पहिले माझे थोरले बंधू, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो. दुसरे माझे जावई, पाटसच्या बाजूला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेले. तिसरे म्हणजे मला रक्त दिलेले गावकरी. ते बाराजण आहेत, पण एकाच सुरात बोलतात म्हणून मी त्यांना एकच धरतो. मी चौतीस वर्षे रेल्वेत होतो, त्यांतली शेवटची अकरा स्टेशन मास्तर म्हणून. रेल्वेत काही विपरीत घडले की प्रत्येकाचा जबाब वेगळा घेतात, म्हणजे एकाचे ऐकून दुसऱ्याची आठवण सुधारत नाही. माझ्या बाबतीत अशी चौकशी झाली नाही. सबब ती मीच करीत आहे.

नव्वदीचे दशक संपत आले होते. निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली होती आणि शिरूरच्या दक्षिणेला घोड नदीकाठी आमच्या गावात मी घर बांधून राहत होतो. आमचे घराणे मूळचे मेंढपाळांचे. वडिलांच्या काळात मेंढरे कमी झाली, जमिनीला पाणी आले आणि आम्ही कांदा व झेंडू लावणारे शेतकरी झालो. आबांनी मात्र वीसेक मेंढरे आजवर ठेवली आहेत, सवय म्हणून. नदीवरून घरी यायला एक चढ आहे. त्या चढावर मला मध्ये थांबावे लागू लागले. आधी एकदा, मग दोनदा. मी थांबतो ते पिके पाहण्यासाठी, असा माझा स्वतःशी खुलासा होता.

मग एके दिवशी एका जुन्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला दौंडला गेलो असता फलाटांवरच्या पुलाच्या पायऱ्या चढताना मला चक्कर आली आणि मी खाली बसलो. आमचे जावई सांगतात, "मामा पडले आन् मी त्यांना वरच्यावर धरलं." हे मी आजवर सहन केले, आता करणार नाही. जावई त्या वेळी कारखान्यात उसाच्या रसाचे नमुने तपासत होते. गळीत हंगाम जोरात होता. मला धरले ते एका पेरू विकणाऱ्या बाईने. तिने माझे डोके आपल्या पाटीला टेकवले आणि मी डोळे उघडताच म्हणाली, "बाबा, उठा आता, माझं गिऱ्हाईक जातंय." या हकीकतीत तिचे नाव कोणी घेत नाही, कारण ती आमच्या नात्यातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. मेंढपाळ माणूस कळपातले मेंढरू मलूल दिसले की अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहतो. लाल असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर जनावर गेलेले. आबांनी मला खाटेवर बसवले, माझी हनुवटी धरली आणि माझी पापणी खाली ओढली.

"ह्याच्या रगतात खोट हाय," ते माझ्या पत्नीला म्हणाले. मला नाही. मेंढराला कोणी सांगत नाही.

यावरून आबा असे सांगत असतात की माझा आजार पुण्याच्या डॉक्टरांच्या आधी त्यांनी ओळखला. त्यांचा निष्कर्ष बरोबर निघाला हे मी मान्य करतो, पण पुरावा चुकीचा होता. माझ्यात लाल रक्ताची उणीव तेव्हा नव्हतीच. पांढऱ्या पेशी अतोनात वाढलेल्या होत्या, आणि त्या पापणीत दिसत नाहीत.

दौंडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले आणि पुण्याला जा म्हणाले. पुण्यात एका हृदयतज्ज्ञांकडे निदान झाले ते असे. हृदयातून रक्त सगळ्या शरीराकडे निघते त्या दारातली झडप चुन्यासारखी कडक होऊन इतकी अरुंद झाली होती की ती बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याच तपासण्यांत रक्ताचा अहवाल विचित्र आला, म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात रक्तविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. बाईंनी तो अहवाल ठेवून घेतला, मला तपासले, मानेतल्या गाठी चाचपल्या आणि आणखी रक्त काढले. अहवाल यायच्या दिवशी जावई मला बाहेरच्या बाकावर बसवून एकटे आत गेले. आपल्याकडे ही रीतच आहे. आजार ज्याचा, त्याला बाहेर बसवतात आणि ज्याला तो नाही त्याला आत बोलावून सगळे सांगतात.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फाइल होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हते, जे त्यांना जमत नाही. "मामा, रक्तात जरा इन्फेक्शन हाय. गोळ्यांनी जातंय," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत ते दारापाशी तोंडावर पाणी मारायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत. फाइल माझ्या मांडीवर होती. मी आयुष्यभर इंग्रजी नियमपुस्तके वाचली आहेत, तेव्हा पानभर चिठ्ठी वाचायला मला केडगाव स्टेशन येईपर्यंतही वेळ लागला नाही. बाईंनी हृदयाच्या सर्जनना लिहिले होते की रुग्णाला रक्ताचा कर्करोग आहे. मात्र तो अतिशय सावकाश वाढणारा, सध्या औषधाचीही गरज नसलेला असा आहे. सोबत पेशींच्या मोजणीचा कागद जोडलेला होता. ब्लड कॅन्सर म्हटले की आमच्याकडे लोक पुढचे वाक्य ऐकत नाहीत. मी ते वाचले. सावकाश हा शब्द दोनदा वाचला. मग फाइल मिटली, आणि जावई परत आल्यावर त्यांना विचारले की यंदा उसाला उतारा कसा आहे.

म्हणजे मला आजार ठाऊक नव्हता आणि त्या अज्ञानाच्या बळावर मी शस्त्रक्रियेला धीराने सामोरा गेलो, ही जी गोष्ट जावई सांगतात, ती साफ निराधार आहे. मला पहिल्या दिवसापासून सगळे ठाऊक होते.

आठवड्याने शस्त्रक्रियेच्या इस्पितळात सर्जनची भेट झाली. चाळिशीतला, कमी बोलणारा, नखे अगदी बारीक कापलेला गृहस्थ. फाइल चाळून त्यांनी तारीख दिली. मी पाहत होतो. बाईंची चिठ्ठी फाइलमध्ये नव्हती. मी वाचू नये म्हणून ती काढली गेली आहे आणि कोणी काढली हे कळायला मला स्टेशन मास्तर असण्याची गरज नव्हती. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर मला ठाऊक आहे हे जावयांना कळले असते, त्यांच्याकडून मुलीला, मुलीकडून तिच्या आईला. माझी पत्नी रक्तदाबाची रुग्ण. तिला हा शब्द कळू द्यायचा नाही असे मी ठरवले होते.

ठरल्या दिवशी मला भरती केले. रिवाजाप्रमाणे इस्पितळाने आपले वेगळे रक्त तपासले आणि पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून सर्जन स्वतः खाली आले. शरीरात कुठेतरी मोठा जंतुसंसर्ग आहे, अशा अवस्थेत नवी झडप बसवली तर जंतू तिच्यावरच जाऊन बसतील, असे त्यांनी समजावले. कडक औषधे लिहून दिली आणि घरी पाठवले. तीन आठवड्यांनी पुन्हा भरती, पुन्हा रक्त. आकडा तोच. सर्जन या वेळी त्रासलेले होते.

"याआधी कुठं रक्त दाखवलं होतं का?" त्यांनी विचारले.

जावयांनी छताच्या पंख्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. नाही, असे कोणीच म्हणाले नाही. होय असेही नाही. सर्जननी ते नाही समजले आणि आणखी दोन आठवडे पुढे ढकलले. जाताना मात्र जावयांना बाजूला घेऊन म्हणाले की ही झडप इतकी थांबणारी नाही. ते मी ऐकले. डॉक्टर मंडळी बाजूला घेतात ती फार तर पाच पावले, आणि मी आयुष्यभर वाफेच्या इंजिनांच्या आवाजात माणसांचे बोलणे ऐकलेले आहे.

त्या दोन आठवड्यांत मी घरच्या अंगणात पुन्हा पडलो. या वेळी पेरूवाली नव्हती. शुद्धीवर आलो तेव्हा डोके पत्नीच्या मांडीवर होते आणि ती माझ्या कपाळावरची माती पुसत होती. तिने काही विचारले नाही. मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट दिसले की मी मरेन तो कर्करोगाने नव्हे, सर्वांनी मिळून पाळलेल्या या शांततेने मरेन. मी जावयांना बोलावून घेतले. ते आले, समोर खुर्चीवर बसले.

"जावईबापू, बाईंची चिठ्ठी कुठं आहे?"

ते एकदम उठले. पुन्हा बसले. "तुम्हाला कसं..."

"गाडीतच वाचली मी. तुम्ही तोंड धूत होता तेव्हा."

त्यांनी मान खाली घातली. "कारखान्यात, माझ्या ड्रॉवरमंदी हाय," ते म्हणाले. "मला वाटलं तुम्ही वाचलं तर हातपाय गाळून बसाल, मामा."

मी त्यांना त्या दिवशी जे बोललो ते येथे लिहीत नाही. एका कागदासाठी सासऱ्याचा जीव घेणारा माणूस, इथपर्यंत गेलो, हे सांगितले म्हणजे पुरे. ते ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आले आणि आम्ही पुण्याला गेलो.

सर्जननी ती वाचली आणि फाइल उलटीपालटी केली. "सोबत पेशींची मोजणी जोडलीय असं लिहिलंय. तो कागद कुठं आहे? तो पहिल्या दिवशी मिळाला असता, तर हा आकडा जुनाच आहे, संसर्गाचा नाही, हे मला तेव्हाच कळलं असतं."

जावई म्हणाले, "माझ्याकडूनच गहाळ झाला, साहेब."

सर्जननी त्यांच्याकडे पाहिले. मीही पाहिले. पाच आठवडे वाया गेले होते.

आता सगळे उघड झाले म्हणून गाडी सुटेल अशी माझी समजूत होती. ती चुकली. सर्जन म्हणाले, रक्ताच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला संमती दिली तर मी तयार आहे. रक्त गोठवणाऱ्या पेशी थोड्या कमी आहेत, छाती उघडल्यावर रक्त थांबले नाही तर काय, हे त्यांनी सांगावे. बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, आजार सावकाश आहे, माझी हरकत नाही, सर्जनना जोखीम पत्करायची असेल तर त्यांनी ठरवावे. चिठ्ठी घेऊन सर्जनकडे. ते म्हणाले, हरकत नाही म्हणजे संमती नव्हे. पुन्हा बाईंकडे. दोघेही सज्जन आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. दोघे एकमेकांशी माझ्यामार्फत पत्रव्यवहार करीत होते, आणि मी तो पत्रव्यवहार दर जिन्यावर थांबत थांबत पोहोचवीत होतो.

हा प्रकार मला ओळखीचा होता. दौंडहून उत्तरेकडे जाणारा मार्ग तेव्हा एकेरी होता. अशा मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचे स्टेशन लाइन क्लिअर देईपर्यंत मागच्याने गाडी सोडायची नाही. आणि ती परवानगी नुसत्या होकारावर धरायची नाही. देणाऱ्याने आपल्याजवळच्या तक्त्यातला एक आकडा स्वतःच्या तोंडाने फोनवर सांगायचा, घेणाऱ्याने तो वेळेसह वहीत उतरवायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. त्या आकड्याला स्वतःचा अर्थ काहीच नसतो. तो पुढे गेला म्हणजे दोन माणसे खरोखर एकमेकांशी बोलली, एवढेच सिद्ध होते.

मी एका आखीव कागदावर दोन रकाने पाडले. एकात सर्जनचे प्रश्न: पेशी किती असाव्यात, कमी पडल्या तर काय द्यावे, रक्त न थांबल्यास कोणाला बोलवावे. दुसऱ्यात उत्तरांसाठी जागा. खाली एक लहान चौकोन. तो कागद घेऊन बाईंसमोर बसलो. त्यांनी उत्तरे भराभर लिहिली आणि चौकोनाशी थांबल्या.

"हे काय आहे?"

"तुम्हाला वाटेल तो दोन अंकी आकडा. पण इथं लिहायचा नाही, आणि मला सांगायचा नाही. फोन करून सर्जनना सांगायचा. चौकोनात ते लिहितील."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हसल्या. मग त्यांनी खरोखर फोन उचलला. ते दोघे तोपर्यंत एकमेकांशी एकदाही बोललेले नव्हते. अकरा मिनिटे बोलले. भिंतीवर घड्याळ होते आणि मी सवयीने वेळ टिपली. मध्येच बाई म्हणाल्या, "अहो, ह्या आजाराबरोबर माणसं वर्षानुवर्षं जगतात. त्या झडपेबरोबर हे जगणार नाहीत." मी समोर बसलेला असताना माझ्याविषयी खरे बोलले गेलेले ते पहिले वाक्य. मला ते फार आवडले.

मी कागद घेऊन सर्जनकडे परतलो. त्यांनी चौकोनात आकडा आणि वेळ लिहिली, सही केली आणि टोपण लावता लावता म्हणाले, "मास्तर, तुमच्या गाड्या उशिरा येतात त्या ह्यामुळेच का?"

"उशिरा येतात," मी म्हणालो, "समोरासमोर येत नाहीत."

कारखान्यातल्या कोणा वजनदार गृहस्थाच्या ओळखीमुळे दोन डॉक्टर एकत्र आले, असे जावई सांगतात. तो आखीव कागद माझ्याजवळ आहे. ज्याला पाहायचा त्याने घरी यावे.

राहिला झडपेचा प्रकार. धातूची झडप कायम टिकते, पण तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते, आणि माझ्या पेशींच्या अवस्थेत ते धोक्याचे. म्हणून जनावराच्या ऊतींपासून केलेली झडप बसवायची ठरली. ती डुकराची मिळते किंवा गोवंशाच्या हृदयाच्या आवरणाची, असे सर्जननी सांगितले तेव्हा आबाही तिथे होते.

"गाईची तर न्हाईच," ते म्हणाले. "डुकराचीबी नगं. मेंढराची नसती का, साहेब?"

सर्जन प्रथमच मोकळे हसले. म्हणाले, "मेंढराची नसते. पण नव्या झडपा आधी मेंढ्यांच्या छातीत बसवूनच तपासतात."

आबांनी समाधानाने मान हलवली. "मग मेंढराला चालली ती ह्याला चालंल. बसवा."

माझ्या छातीत मेंढराची झडप आहे, असे आबा अजूनही गावोगाव सांगतात. ती डुकराची आहे. मी त्यांना तीनदा सांगून पाहिले. "तुला काय कळतंय," असे त्यांचे उत्तर असते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी गावातून एका टेंपोतून बाराजण रक्त द्यायला आले. मी त्यांचा ऋणी आहे, हे आधी नमूद करतो. पण रक्तपेढीची पद्धत बदलीची असते. त्यांनी दिलेले रक्त पेढीत गेले आणि माझ्या गटाच्या ज्या पिशव्या तयार होत्या त्या माझ्याकडे आल्या. माझ्या शरीरात कोणाचे रक्त गेले ते मला ठाऊक नाही, त्यांना तर नाहीच. असे असताना पुढल्या वर्षी ग्रामसभेत मी स्मशानाच्या रस्त्यावरून त्यांतल्या एकाला विरोध केला, तर तो उभा राहून माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आप्पा माझंच रगात अंगात घेऊन माझ्याशीच भांडत्यात." सभा हसली. मी त्याला सांगितले की लाल पेशी चार महिने जगतात, तेव्हा तुझे जे काही होते ते झेंडूच्या तोडणीआधीच संपले. यावरही सभा हसली, पण कमी.

शस्त्रक्रियेविषयी मी काही सांगू शकत नाही, कारण मी झोपलेला होतो, आणि जे जागे होते ते बाहेर होते; तरी त्यांनाच त्यातले सर्वांत जास्त ठाऊक असते. एवढे कळले की रक्त थांबायला वेळ लागला, बाई स्वतः फोनवर होत्या आणि त्यांनी सांगितलेल्या पेशींच्या पिशव्या आधीच आणून ठेवलेल्या होत्या. सतराव्या दिवशी मी घरी आलो. दोन महिन्यांनी नदीवरचा चढ न थांबता चढलो. पिकांकडे पाहिलेही नाही.

येथे हकीकत संपायला हवी, आणि मी ती कैक वर्षे येथेच संपवीत आलो. आता उरलेले लिहितो.

त्या दिवाळीच्या साफसफाईत पत्नीने माझी पत्र्याची पेटी उन्हात ठेवली. तीत माझ्या नोकरीतले हिरवे-लाल बावटे आणि शिटी आहे. तिने बावट्यांची गुंडाळी सोडली आणि तीतून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. पेशींच्या मोजणीचा.

तो मी काढला होता. गाडीतून घरी आलो त्याच संध्याकाळी. शेजारची मुलगी शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि पत्नी घरात आलेला प्रत्येक कागद तिच्याकडून वाचून घेत असे. चिठ्ठी इंग्रजीत, गिचमिड अक्षरात होती. ती त्या मुलीला लागली नसती. मोजणीचा कागद छापील होता, आकडे ठळक. म्हणून मी तो बावट्यात गुंडाळला. चिठ्ठी जावयांनी काढली ती त्यानंतर, मी वाचू नये म्हणून. दोघांनी एकाच फाइलमधून एकेक कागद काढला, आणि सर्जनच्या हाती जे गेले त्यात आजार उरलाच नव्हता.

"कधी सापडला?" मी विचारले.

"पयल्याच आठवड्यात. तवाच वाचून घेतला म्या तिच्याकडनं," ती म्हणाली.

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही इतकं जपून ठिवलावता. मला कळलं असं कसं सांगायचं?" तिने बावटे पुन्हा गुंडाळले. "तिकडं जावईबापू लपवीत व्हते, हिकडं तुम्ही. मी म्हणलं, पुरुषांचं काम हाय, चालू द्या."

अंगणात पडल्यावर तिने काही का विचारले नाही, ते मला तेव्हा समजले. तो कागद परत द्यायचा तिचा विचार होता का, हे मी विचारले नाही. उत्तर हो असले तरी त्रास आणि नाही असले तरी.

जावयांना मात्र मी काही सांगितले नाही. मोजणीचा कागद आपल्याकडूनच हरवला असे ते मानत होते, की मला वाचवण्यासाठी तसे म्हणाले होते, हेही मी कधी विचारले नाही. दरवर्षी बाईंकडे रक्त दाखवायला जाताना ते सोबत असत. पेशी वाढत, पण खरोखरच सावकाश. आणि दरवर्षी कोणत्या ना कोणत्या मांडवात ते आपली हकीकत सांगत, तिच्यात एक वाक्य नेमाने येई: "माझ्यामुळं मामांचे पाच आठवडे गेले." तेवढे सोडून बाकी सगळे ते वाढवून सांगत. मी समोर बसून बाकीचे दुरुस्त करीत असे. त्या वाक्यावर कधी हरकत घेतली नाही.

सात वर्षांनी एका खेपेला बाईंनी सर्व जुने कागद मागितले. औषध सुरू करायचे की नाही ते ठरवायचे होते. मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही; सकाळी पेटी उघडली, कागद काढला आणि तारखेप्रमाणे फाइलला लावला. बाईंनी तो हातात घेतला. त्याला बावट्याच्या काठीवर गुंडाळल्याचा बाक तसाच होता, टेबलावर ठेवला की गोल होई.

"हा तर हरवला होता ना?" त्या म्हणाल्या.

जावई शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "तो मी काढला होता. त्याच संध्याकाळी. तुमच्याकडून काही हरवलं नव्हतं."

बाईंनी कागद दोन्ही हातांनी सरळ करून आकडे उतरवून घेतले. औषध अजून नको, असे म्हणाल्या. आम्ही बाहेर आलो, रिक्षा केली, स्टेशनवर आलो, दौंडच्या गाडीत खिडकीपाशी समोरासमोर बसलो. हडपसर मागे पडल्यावर ते म्हणाले, "म्हंजी मामा, सात वर्षं मी एकट्यानंच ऐकून घेतलं व्हय?"

"होय," मी म्हणालो.

त्यांनी मग उठून चहावाल्याला हाक मारली आणि दोन चहा घेतले. एक माझ्या हातात दिला. त्याशिवाय आमच्यात त्या विषयावर शब्द झालेला नाही.

अलीकडे ते आपल्या हकीकतीच्या शेवटी सांगू लागले आहेत की मामांनी गाडीत माझी माफी मागितली. ही नवी चूक. मी माफी मागितलेली नाही. रेल्वेच्या वहीत खाडाखोड चालत नाही. नोंद चुकली तर तिच्यावर एक रेघ मारायची, म्हणजे जुने वाचताही आले पाहिजे, आणि शेजारी खरे लिहून सही करायची. मी तेवढेच केले आहे. रेघ बाईंच्या खोलीत मारली. सही ही.